एकाच चरातल्या दोन वाटा

१९ मे, सोमवार

आजपासून मी नियोजन विभागाचा प्रमुख. आमच्या वरिष्ठांनी, कृष्णकुमार सारांनी, सगळ्यांना खोलीत बोलावून सांगितलं आणि जांगिरी, म्हणजे इकडची उडदाची जिलबी, वाटली. सतरा वर्षं या कंपनीच्या नकाशांवर डोळे फोडले, तेव्हा कुठे साईकुमार रावांना दार असलेली खोली मिळाली. गोमतीला फोन केला तर म्हणाली, "बरवें जाहलें. आतां तरी बेगीं घरीं याल कीं?"

पुण्याच्या आठ वर्षांनी मला दोनच गोष्टी दिल्या: छापील मराठी आणि पित्त. आम्ही तंजावरकडचे जुने मराठी; घरात अजून ‘जाहलें’ आणि ‘कोठें’ म्हणतो. तिथले लोक ऐकून हसायचे, म्हणून हट्टाने ही छापील भाषा शिकलो. बढतीनिमित्त तिच्यात रोजनिशी लिहायचं ठरवलं आहे. बघू किती दिवस टिकतं.

माझं काम काय ते गोमतीच्या भावाला अजून कळलेलं नाही. तो समजतो मी तारा जोडतो. तारा आमचा फील्डवरचा महालिंग जोडतो. केसाएवढ्या काचेतून उजेडाचे शेकडो पट्टे एकदम जातात; कुणाचा पट्टा कोणत्या वाटेने आणि कोणत्या जागेवरून जायचा, ते मी ठरवतो. आगगाडीच्या रिझर्व्हेशनसारखंच. चार जणांना शेजारशेजारच्या चार जागा हव्यात, आणि चढल्यापासून उतरेपर्यंत त्याच हव्यात, मध्ये उठून दुसरीकडे बसायचं नाही. गाडीत एकूण वीस जागा रिकाम्या असल्या तरी विखुरलेल्या असतील तर कुटुंब फलाटावरच राहतं.

२१ मे, बुधवार

पहिलंच काम आणि नाकापेक्षा मोती जड. चेन्नईच्या एका डेटा कंपनीला मयिलाडुतुरै ते तंजावर अशी वाट हवी. सलग दहा जागा. तीन जूनला उद्घाटन, पाहुणे, हार.

तंजावरला जायला आमच्या दोन वाटा. एक दक्षिणेची, रेल्वेलाइनच्या कडेने, सुंदरपेरुमाळ कोयिल या गावावरून. ती गच्च भरली आहे, चिंचोळ्या फटी तेवढ्या उरल्यात. दुसरी उत्तरेची, चोळपुरमवरून कोळ्ळिडम् नदीच्या काठाने. उत्तरेला जागा आहे, पण मधोमध तीन जागा अडवून एक लहान गिऱ्हाईक बसलं आहे: चोळपुरमचं इस्पितळ. त्यांची रोजची वाट दक्षिणेची, तिथल्या दोन केबलपैकी पहिलीतून. उत्तरेच्या या तीन जागा म्हणजे त्यांचा राखीव मार्ग. दक्षिण तुटली तरच वापरायचा. चार वर्षांत एकदाही वापरलेला नाही.

२४ मे, शनिवार

केलं. इस्पितळाचा राखीव मार्ग उत्तरेवरून उचलला आणि दक्षिणेच्याच दुसऱ्या केबलमधल्या तीन जागांच्या फटीत बसवला. उत्तरेला सलग दहा जागा मोकळ्या झाल्या. सॉफ्टवेअरने लाल इशारा दिला: दोन्ही वाटा एकाच धोक्यात असू शकतात. नकाशावर तर पहिली केबल रुळांच्या त्या बाजूला आहे, दुसरी रस्त्याच्या बाजूला. मी ‘जबाबदारी घेऊन पुढे जा’वर टिचकी मारली. कारण विचारलं तिथे ‘बहात्तर तासांसाठी’ असं लिहिलं. मंगळवारपर्यंत त्यांना दुसरी चांगली वाट काढून देईन.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती मनात खुपते आहे. महालिंगला फोन केला होता. बावीस वर्षं या चरांवरून चालतोय तो. त्याला काच कळते. कोणत्या काचेतून कुणाचा उजेड जातो ते कळत नाही, ते त्याला कुणी सांगतही नाही. मी सहज विचारलं, सुंदरपेरुमाळ कोयिलजवळ दोन्ही केबल किती लांब आहेत?

"लांब कुठल्या सार? कालव्यापाशी दोन्ही एकाच चरात आहेत. पुरानंतर घाईत टाकल्या ना. दोनशे मीटर तरी तशाच असतील."

"नकाशात वेगळ्या दिसतात."

"नकाशा ऑफिसात असतो, सार," म्हणून तो हसला.

मला राग आला. बढतीला आठवडा झाला नाही आणि फील्डवरचा माणूस मला नकाशा शिकवतोय. पण दोनशे मीटरच तर आहेत, आणि तीन दिवसच.

२७ मे, मंगळवार

बहात्तर तास संपले. दुसरी वाट सापडत नाही. कृष्णकुमार सार म्हणाले, "उद्घाटन होऊ द्या. मग निवांत बघू." तेही खरंच.

आमच्याकडे न लिहिलेला एक नियम आहे: गाळ काढायच्या दिवसांत वाटा हलवायच्या नाहीत. बारा जूनला मेट्टूर धरणाचं पाणी सुटायचं, त्याआधी सगळे कालवे उपसतात. मे संपता संपता जिकडे तिकडे मोठी यंत्रं दात विचकून उभी असतात. त्या दिवसांत महालिंग चरावर लाल फडक्याच्या काठ्या रोवतो आणि यंत्राजवळ खुर्ची टाकून बसतो. यंत्रवाल्याला चहा पाजतो, त्याच्या घरची चौकशी करतो, आणि बरोबर जागा आली की उठून हात वर करतो. बावीस वर्षांत त्याच्या समोर एक तार तुटलेली नाही.

नियम मला माहीत आहे. पण हे हलवणं कागदावरचं, जमिनीत तर काहीच हललेलं नाही.

२ जून, सोमवार

नव्या गिऱ्हाइकाच्या वाटेवर कुंभकोणमच्या सांध्यात उजेड गळतोय. दोघांनी जोडून पाहिलं, जमलं नाही. महालिंगचा हात हवा. त्याला फोन केला की उद्या सकाळी इकडे ये.

"सार, उद्या यंत्र कालव्यापाशी येणार. मी तिथे हवा."

"दुपारपर्यंत ते काही तिथे पोचत नाही. दहाला काम संपवून जा."

"सरी सार" म्हणाला, म्हणजे बरं.

३ जून, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो. उद्या कुणी विचारलं तर सांगता यायला हवं.

साडेदहाला महालिंगने सांधा जोडला. सुरेख. निघताना म्हणाला, "वाटेत पॉलिटेक्निकला जाऊ का सार? जननीच्या प्रवेशाची आज शेवटची तारीख. बापाची सही पाहिजे म्हणतात." मी म्हटलं, जा जा, मुलीचं शिक्षण महत्त्वाचं. अकराला नवी वाट सुरू झाली, टाळ्या झाल्या.

बारा दहाला पडद्यावर दक्षिणेच्या दोन्ही केबल लाल झाल्या. दोन्ही एकदम. यंत्राचा एकच घाव. महालिंग तिथे पोचला बारा चाळीसला.

बारा पंचवीसला चोळपुरमच्या इस्पितळातून फोन आला, जुन्या तांब्याच्या तारेवरून, कारण तिथले मोबाइलचे टॉवरही आमच्याच काचेवर. डॉक्टर म्हणाले, अडतीस वर्षांची बाई आहे, शाळेत शिकवते. सव्वाअकराला वर्गात उभ्या उभ्या उजवी बाजू गेली. मेंदूचा फोटो काढला आहे, तंजावरच्या तज्ज्ञांनी बघितल्याशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही, आणि साडेचार तासांनंतर दिलं तर उपयोग नाही. किती वेळ लागेल? तुमच्याकडे वेळ असेल तर थांबतो, नसेल तर गाडीत घालून तंजावरला नेतो.

मी म्हणालो, "अर्ध्या तासात येईल."

असंच म्हणायची पद्धत आहे. सगळ्या गिऱ्हाइकांना तसंच सांगतात.

मग उत्तरेची वाट पाहिली. इस्पितळाला सलग तीन जागा हव्यात. उरल्या होत्या एकीकडे दोन, एकीकडे एक. नव्या गिऱ्हाइकाच्या दहा जागा बंद केल्या असत्या तर पंधरा मिनिटांत इस्पितळ सुरू झालं असतं. हात माउसवर होता. पण सुरू होऊन दोन तास न झालेली वाट प्रमुखाने आपल्या मनाने कशी तोडायची? कृष्णकुमार सारांना विचारायला गेलो. ते पाहुण्यांबरोबर पानावर बसले होते. कानात म्हणाले, "महालिंग जोडतोय ना? पाहुणे गेले की बघू." वरच्या परवानगीशिवाय चालू वाट तोडायची नाही, नियम नियम असतो.

बारा पंचावन्नला पुन्हा फोन. अर्ध्या तासात. दीड वाजता पुन्हा. "सार, नक्की ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, नक्की.

सव्वादोनला ते बाईला घेऊन निघाले. महालिंगने गुडघाभर चिखलात बसून तीन वाजता काच जोडली.

बाईचं नाव शिवरंजनी.

४ जून, बुधवार

इस्पितळाला फोन केला. कामाचाच भाग म्हणून. गाडी तंजावरला पोचली तीन पन्नासला. पाच मिनिटं उशीर. बाई जिवंत आहे, बोलता येत नाही.

पाच मिनिटं म्हणजे रस्त्यातलं एखादं फाटक. त्याला मी काय करणार?

इस्पितळाचा राखीव मार्ग आज उत्तरेला परत नेला. कृष्णकुमार सारांनी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला हलवायची परवानगी लगेच दिली. वीस मिनिटांचं काम होतं.

७ जून, शनिवार

आज पुन्हा फोन केला. परिचारिका आता माझा आवाज ओळखते. तिला वाटतं मी नातेवाईक. म्हणाली, डाव्या हाताने नवऱ्याचा हात धरते.

गोमतीने विचारलं, "ती बायको कोण? दररोज तिचें विचारतां." सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, "अर्धा तास म्हणून कां सांगितलेंत?"

मला वाटलं होतं ती केबलचं विचारेल.

११ जून, बुधवार

शिवरंजनी आज पहाटे गेली.

१३ जून, शुक्रवार

तिचा नवरा विष्णुवर्धन ऑफिसात आला. बँकेत असतो म्हणे. ओरडेल असं वाटलं होतं; नाही ओरडला. एकच विचारलं. "अर्ध्या तासात असं तीनदा कोण म्हणालं?" कृष्णकुमार सार म्हणाले, हेल्पलाइनवर बरेच जण असतात, चौकशी करू. मी शेजारीच बसलो होतो. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही तरी शोधून काढा, सार." मी मान हलवली. तो तिथून पोलीस ठाण्यात गेला.

नंतर सारांनी दार लावलं. म्हणाले, "साई, घाबरू नका. केबल तुटली कारण राखणीचा माणूस जागेवर नव्हता. त्याला आपण नोटीस देऊ. तुम्ही तुमचं काम चोख केलंत." किती मोठ्या मनाचा माणूस! एवढ्या गडबडीतही माझा विचार केला. जाता जाता म्हणाले, "ती शनिवारची नोंद तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते, नाही का?"

हो म्हटलं. २४ मे अधिक तीस म्हणजे २३ जून.

१६ जून, सोमवार

महालिंग घरी आला. नोटीस इंग्रजीत आहे, त्याला वाचता येत नाही. गोमतीने कॉफी दिली. तो ओट्यावरच बसला, आत येईना. पायांना अजून कालव्याचा चिखल. पाणी आलंय म्हणाला, मुख्य कालवा भरून चाललाय.

"सार, उत्तर तुम्हीच लिहून द्या. तुमच्याइतकं चांगलं कुणाला येतं?"

मी विचारलं, काय लिहू?

"खरं तेच. मी जागेवर नव्हतो. पॉलिटेक्निकला गेलो नसतो तर साडेअकराला पोचलो असतो. हात वर केला असता. बाई वाचली असती." मग हळूच म्हणाला, "पण तुम्ही जा म्हणालात ते नका लिहू. चांगुलपणाने म्हणालात, उगाच तुमच्यावर येईल."

त्याला सांगायला हवं होतं. की चर तुटला तरी इस्पितळ बंद पडायला नको होतं. की म्हणूनच तर राखीव मार्ग असतो. की तो मी हलवला होता, आणि तू फोनवर सावध केलं होतंस. तोंडापर्यंत आलं. पण मग वाटलं, याला हे तांत्रिक काय समजणार, आणखी घोळ होईल. शिवाय नम्रपणे चूक कबूल केली तर कंपनी बदली करून सोडून देईल. सारांनी तसं सुचवलंच होतं.

म्हणून इंग्रजीत लिहिलं. ‘वैयक्तिक कामासाठी नेमलेली जागा सोडून गेल्यामुळे झालेल्या हानीला मी जबाबदार आहे.’ भाषा सुरेख झाली. त्याला तमिळमध्ये वाचून दाखवलं. त्याने बोट ठेवून विचारलं, "इथेच ना?" आणि सही केली. जाताना दोन्ही हात जोडले.

गोमती आतून ऐकत होती. मी आत गेलो तर म्हणाली, "तो मनुष्य तुम्हांस नमस्कार करून गेला."

१९ जून, गुरुवार

नोंद उघडून पाहिली. माझं नाव, वेळ, टिचकी, ‘बहात्तर तासांसाठी’. खाली प्रत काढायचं बटण आहे. सोमवारी काढू. घाईत काही करू नये.

२१ जून, शनिवार

आमचं तोंड आहे तसं दिसावं म्हणून आरसा कुणी पुसत नाही, असं माझी आजी म्हणायची. ती हे कशावरून म्हणायची कोण जाणे.

गोमती दोन दिवस जरुरीपुरतंच बोलते. आज म्हणाली, "तो कागद काढून ठेवणार कीं नाहीं?" मी म्हटलं, महालिंगची बदली झाली की सगळं निवेल. "आणि न जाहली तर?" या बायकांना उगाच वाईटच सुचतं.

२३ जून, सोमवार

सकाळी साडेनऊला नोंद होती. दुपारच्या मीटिंगनंतर पाहीन म्हटलं. मीटिंग लांबली. चारला उघडली तेव्हा यादी २५ मेपासून सुरू होत होती.

खरं लिहायचं तर मीटिंगमध्ये माझं काही काम नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं. मी जाऊन बसलो होतो.

घरी आल्यावर हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याचीच किळस आली. जेवलो नाही.

२४ जून, मंगळवार

महालिंगला पोलिसांनी कालव्यावरून नेलं. कंपनीने त्याचं उत्तर त्यांना दिलं होतं. मी लिहिलेलं, त्याने सही केलेलं. यंत्रवाल्याने फोन करून कळवलं. म्हणाला, नेताना त्याने आधी चरावरच्या काठ्या गोळा केल्या, मोळी बांधली आणि मग गाडीत बसला.

कृष्णकुमार सारांकडे गेलो. म्हणालो, बदली म्हणाला होतात. ते म्हणाले, "पत्र फार स्पष्ट लिहिलंय हो, आम्ही तरी काय करणार?"

गोमतीला सांगितलं. तिने पदर डोळ्यांना लावला. "तुम्हीं गेलां नाहीं तर मी जातें. मज काय ठाऊक आहे तें सांगतें."

"मी जातो," मी म्हणालो.

२५ जून, बुधवार

गेलो. वरातीमागून घोडं, पण गेलो. रजेचा अर्जही टाकला नाही.

इन्स्पेक्टर सभ्य माणूस. समोर बसवलं. महालिंग भिंतीकडेच्या बाकावर होता. त्याच्या देखत बोलायचं, असं मीच ठरवलं होतं. सगळं सांगितलं. इस्पितळाच्या दोन वाटा, उत्तरेची काढून मी ती दक्षिणेच्या चरात कशी घातली, यंत्र येणार माहीत असून महालिंगला मीच कसा बोलावला, पॉलिटेक्निकला जा मीच कसं म्हटलं, दहा जागा बंद करायला हात कसा उचलला नाही. तीनदा अर्धा तास म्हणालो तो मी. पत्रही मीच लिहिलं.

इन्स्पेक्टरने सगळं ऐकून घेतलं. लिहून मात्र काही घेतलं नाही. विचारलं, "हे वाट बदलल्याचं कुठे कागदावर आहे?"

"होतं. सोमवारी पुसलं गेलं."

"आपोआप?"

"आपोआप."

"आणि तुमच्या वरिष्ठांनी तर लिहून दिलंय की नियोजनात काही चूक नव्हती." त्याने पेन खाली ठेवलं. अगदी मायेने म्हणाला, "सार, हाताखालचा जुना माणूस आहे, तुम्हाला वाईट वाटतं. मला समजतं. असा साहेब मी अजून पाहिला नाही."

मी म्हणालो, खोटं नाही हो हे. आईची शपथ. उठून महालिंगकडे गेलो. "तू सांग यांना! एकाच चरात आहेत म्हणून तू मला बोलला होतास, आठवतं?"

तो उठून उभा राहिला. माझ्यासमोर तो कधी बसत नाही. डोळे भरले होते.

"आठवतं, सार. पण केबल एका चरात असणं हा काय गुन्हा? मी तिथे असतो तर ती तुटलीच नसती." मग त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "माझ्यासाठी खोटं बोलू नका, सार. तुमचं नाव जाईल. जननीला म्हटलंय मी, काही लागलं तर साई सारांकडे जा."

इन्स्पेक्टरने हवालदाराला माझ्यासाठी कॉफी आणायला सांगितलं. आली. इन्स्पेक्टर आणि महालिंग, दोघेही मी पिईपर्यंत थांबले होते. प्यायलो.